शांत असताना घ्यायची सही

नवऱ्याच्या डोक्यातला करंट सव्वा व्होल्टनं उतरला तर विमलताई मगदूम यांच्या पदरात काय काय पडेल, हे मी त्या बाहेरच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या तेवढ्यातच मांडून पाहिलं. घरात शांतता, ही पहिली गोष्ट. शाळेच्या स्टाफरूममधली कुजबुज बंद, ही दुसरी. आणि तिसरी, जिच्यासाठी सोमवारची शाळा बुडवून त्या मिरजेच्या आमच्या क्लिनिकात येऊन बसल्या होत्या, ती म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलाला, अभिनंदनला, बायको. जाणार काय होतं, तर मगदूमअण्णांच्या हाताचा कंप परत येणार होता. हात अण्णांचा होता, ताईंचा नव्हता. त्यामुळं सौदा त्यांना महाग वाटण्याचं काही कारण नव्हतं.

"डॉक्टर, सर मोकळे आहेत का?" त्यांनी मला विचारलं.

मी डॉक्टर नव्हतो. मी शिंत्रे, डॉ. हळब्यांकडचा मशीनवाला. मेंदूचा आलेख काढायचा आणि ज्यांच्या छातीत यंत्र बसवलंय त्यांचा करंट सर सांगतील तसा कमीजास्त करायचा, एवढंच माझं काम. पण अंगात पांढरा कोट असायचा, आणि विमलताई गावातल्या नावाजलेल्या शाळेच्या मुख्याध्यापिका. अशा बाईनं डॉक्टर म्हटल्यावर तिची चूक सुधारावी इतका मी सत्यवचनी नव्हतो.

याला आता सोळा वर्षं झाली. अण्णांना कंपवात. चहाचा कप तोंडापर्यंत नेईतो अर्धा सदऱ्यावर. शेवटी पुण्यात ऑपरेशन झालं. कवटीला दोन भोकं पाडून मेंदूत दोन बारीक तारा सोडल्या, त्या कातडीखालून मानेवरून आणून गळ्याच्या हाडाखाली काडेपेटीएवढ्या डबीला जोडल्या. डबीतून करंट वर जातो, हात थांबतो. किती करंट द्यायचा ते आमच्या हातात. ३.४ वर अण्णांचा हात असा थांबला की त्यांनी माझ्यासमोर सुईत दोरा ओवून दाखवला होता.

पण हाताबरोबर आणखी काहीतरी सुटलं. अण्णा बत्तीस वर्षं मिरज जंक्शनच्या तिकीट खिडकीवर होते. खिडकीत भाडं आणि गाडीची वेळ एवढंच बोलायचे, घरी तेवढंही नाही. बोलण्याचं खातं ताईंकडं होतं. ऑपरेशननंतर मात्र अण्णा बोलायला लागले. भाजीवाल्याशी, कुरिअरवाल्याशी, जैन मंदिरात भेटेल त्याच्याशी. हसायचे, टाळी मागायचे. ताईंनी तेही सोसलं असतं. पण अण्णा खरं बोलायला लागले, आणि त्याला घरात कुठं जागाच केलेली नव्हती.

अभिनंदनचं पहिलं लग्न आठ महिन्यांत मोडलं होतं. पोरीचं नाव सुजाता, माहेर निपाणी. लोकांना सांगायचं कारण, पटलं नाही. पुढं दुसऱ्या एका मुलीचे आईवडील बघायला आले. पोहे झाले, कॉफी आली, आणि मुलीच्या बापानं रीत म्हणून विचारलं, पहिलीचं नेमकं काय झालं हो? ताईंनी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "हात मोडला तिचा. डावा. आमच्या पोरानं दारात घालून मोडला." त्या माणसांनी कॉफीसुद्धा पुरी केली नाही म्हणे.

आता नवं स्थळ आलं होतं आणि रविवारी माणसं येणार होती. मुलाचा बाप घरात असून बैठकीला नाही, असं तर करता येत नाही.

आत गेल्यावर ताई सरांना म्हणाल्या, हा माझा नवरा नव्हे, हे मशीन बोलतंय. सरांनी हाताचं विचारलं. ताई म्हणाल्या, हाताचं आम्ही बघू, भरवायला मी आहे. मधला आकडा ठेवून बघा असं त्या सुचवायला लागल्या, तेव्हा सरांनी मान हलवली. ते आम्ही करून पाहिलं होतं. मधल्या आकड्यावर अण्णांचा हातही कापायचा आणि जीभही थांबायची नाही.

हळबेसर सज्जन माणूस, हे मी आजही म्हणेन. त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी ठेच खाऊन केलेला होता. यंत्र बसवलेल्या एका पेशंटनं पूर्वी आनंदाच्या भरात भलत्याच कागदावर सही केली होती, प्रकरण ग्राहक मंचात गेलं होतं. तेव्हापासून सरांचं ठरलं होतं: पेशंट शांत असतानाच त्याची सही घ्यायची. उत्तेजित असेल तर त्याचा होकारही धरायचा नाही आणि नकारही. निर्णय पुढं ढकलायचा. नियमात खोट काढायला जागा नव्हती. अण्णा ३.४ वर कधी शांत नसत, एवढाच प्रश्न होता.

"त्यांना विचारल्याशिवाय मी आकडा हलवणार नाही," सर ताईंना म्हणाले. "उद्या घेऊन या."

जाताना ताई माझ्या टेबलापाशी थांबल्या. "तुमच्या मुलीचा पहिलीचा फॉर्म आलाय ना आमच्याकडं? ऋचा शिंत्रे. गोड लिहिलंय हो नाव." यादी लागायला दहा दिवस होते. मी म्हटलं, हो, भरलाय. त्या म्हणाल्या, बघते. मग अगदी सहज मुलीकडच्यांचं सांगितलं: कुरुंदवाडचे चौगुले, सालस माणसं, मुलगी सन्मती बी.एस्सी. झालेली. "यांना अजून नाव-गाव काही सांगितलं नाहीये. आधीच फोन करून बसतील. तुम्हीही बोलू नका, डॉक्टर."

दुसऱ्या दिवशी अण्णा आले ते हसतच. बाहेर सात-आठ पेशंट बसलेले. एक म्हातारी मला म्हणाली, डॉक्टरसाहेब, माझ्या नातवाला कधी घेताय? मी भुवया जरा जवळ आणून म्हटलं, बघतो हं आजी.

"आजी, हा डॉक्टर नव्हे," अण्णा म्हणाले. "हा शिंत्रे. स्टेशन रोडला याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. माझा रेडिओ यानं तीनदा दुरुस्त केला. तिसऱ्या खेपेला सांगली स्टेशन लागायचं बंद झालं. आता माणसांच्या डोक्यात हात घालतोय."

सगळे हसले. म्हातारी तर दात नसलेलं तोंड उघडून हसली. मीही हसलो. माणूस चारचौघांत हसतो तेव्हा आत काय जमा करतो, हे त्याचं त्यालाच ठाऊक असतं.

सरांच्या खोलीत मी फाइल घेऊन उभा होतो. सरांनी विचारलं, "अण्णा, करंट थोडा उतरवू या का?"

"हात जाईल."

"थोडा हलेल."

"आणि तोंड मिटेल."

"तसं नाही. तुम्ही जरा शांत व्हाल."

अण्णा पुढं वाकले. "सर, शांत मी होतोच की. सुजाताचा हात मोडला तेव्हा मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतो. ती ओरडली. मी पान उलटलं. इतका शांत होतो."

सरांनी फाइलीचं पान सरळ केलं. मग म्हणाले, "ते तुमच्या घरातलं झालं, अण्णा. माझा प्रश्न डोसचा आहे."

"डोसचाच आहे. तुमच्या त्या आकड्यावर मी पेपर वाचतो. या आकड्यावर उठून दारात जातो. यातला खरा श्रीपाल मगदूम कुठला, ते तुमच्या पुस्तकात दिलेलं असलं तर मला वाचून दाखवा."

सरांच्या पुस्तकात ते नव्हतं, आणि तसं कबूल करण्याइतके सर प्रामाणिक होते. ते म्हणाले, मला माहीत नाही. अण्णांनी मोठ्यानं हसून टाळीसाठी हात पुढं केला. सरांनी टाळी दिली नाही. मग अण्णांनी सरांचंच पेन घेतलं, फाइलीच्या पानावर लिहिलं, 'करंट कमी करण्यास माझा नकार आहे', आणि खाली सही केली. रेल्वेतली जुनी वळणदार सही, शेवटच्या अक्षराचं शेपूट ओळीखालून परत पहिल्या अक्षराला भेटलेलं. हात केसभरही हलला नाही.

ते गेल्यावर सरांनी त्या सहीखाली लाल शाईनं लिहिलं: रुग्ण उत्तेजित. निर्णय स्थगित. आणि मला सांगितलं, शुक्रवारी दहाला पुन्हा बोलवा, दुपारी मला हैदराबादच्या परिषदेला निघायचंय. गुरुवारी बॅटरी तेवढी बघून ठेवा.

बॅटरी बघायची म्हणजे करंट मोजायची आणि हलवायची चकती छातीवरच्या डबीवर धरायची, करंट पायरीपायरीनं खाली आणायचा, हात बघायचा आणि पुन्हा जागेवर नेऊन सोडायचा. पंधरा मिनिटांचं काम. गुरुवारी ताई अण्णांना घेऊन आल्या आणि बाहेर मासिक चाळत बसल्या. मी दार लावलं.

३.४ वरून ३ वर आणलं. अण्णांची करंगळी हलली. २.६ वर सगळा पंजा. २.१ वर हात मांडीवर पाखरासारखा फडफडायला लागला. मी चकती बाजूला ठेवली आणि रजिस्टर पुढं ओढलं.

अण्णा हाताकडं बघत होते. "वर ने की आता."

मी म्हटलं, राहू दे जरा, बघू.

त्यांना कळायला वेळ लागला नाही. हात ताबडतोब जातो. मन उतरायला तास-दोन तास लागतात. तेवढा वेळ त्यांच्यापाशी होता, आणि त्यांनी तो ओरडण्यात घालवला नाही. दुसऱ्या हातानं तो हात धरला आणि आवाज खाली आणून बोलायला लागले.

"शिंत्रे, तुला परवा हसलो, ते चुकलं. तुझ्या घरी येऊन माफी मागतो. पण हे आत्ता करू नको. रविवार होऊ दे. मला त्या पोरीच्या बापाशी दोन वाक्यं बोलायचीत, जास्त नाही. सोमवारी सकाळी मी स्वतः येतो. तू शून्यावर ने. सही देतो, लिहून देतो. जन्मभर ही भरवील तसं खाईन."

मी सांगितलं की निर्णय सरांचा आहे, माझ्या हातात काही नाही. चकती तेव्हा माझ्याच हाताशी पडलेली होती.

"मग गाव तरी सांग. तुला ठाऊक आहे, ती तुला सांगून गेलीय, तुझ्या तोंडावर दिसतंय. नाव नको. गाव सांग नुसतं. मी शोधून काढतो."

कुरुंदवाड. पाच अक्षरं. मिरजेहून एसटीनं तासाभराच्या आतबाहेर. मी म्हटलं, मला काही माहीत नाही, अण्णा. घरातलं आम्हाला कोण सांगतंय?

मी चहा मागवला. त्यांना कप धरता येईना, म्हणून बशी मी धरली. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, वर नेतोस ना? मी म्हटलं, पाच मिनिटं. मग मी त्यांच्याशी जुन्या गाड्यांच्या गोष्टी काढल्या, मीटरगेजवर कुठली गाडी किती वाजता सुटायची वगैरे. ते उत्तरं द्यायला लागले. आधी लांब, मग तुटक, मग नुसतं हो किंवा नाही. तासभरानं त्यांनी वर नेण्याचं पुन्हा एकदा विचारलं, पण ते असं, की गाडी वेळेवर आहे का, म्हणून कोणी सवयीनं विचारावं. त्यानंतर विचारलं नाही. मी रजिस्टरमध्ये 'बॅटरी ठीक, बदल नाही' असं लिहिलं आणि दार उघडलं. ताईंनी नवऱ्याकडं एकदा बघितलं, मासिक मिटून जागेवर ठेवलं आणि म्हणाल्या, "चला."

शुक्रवारी दहाला सरांनी अण्णांना समोर बसवलं. पहिल्या वाक्यातच त्यांना फरक कळला. त्यांनी चकती मागून घेतली, स्वतः आकडा वाचला आणि माझ्याकडं बघितलं. २.१.

"काल बॅटरी बघताना खाली आणलं होतं, सर," मी म्हटलं. "वर न्यायचं राहून गेलं."

सर रागावतील, चकती आपटतील, आकडा वर नेतील, असं मला वाटलं होतं. त्यासाठी मी तोंड पाडूनही ठेवलं होतं. सरांनी घड्याळाकडं बघितलं. दुपारची गाडी, पुढं ढकललेला निर्णय, आणि समोर पहिल्यांदाच शांत बसलेला पेशंट. त्यांनी चकती मला परत दिली आणि खुर्ची अण्णांच्या जवळ ओढली.

विचारलं मात्र अगदी नीट. हात असाच कापत राहील, सगळं दुसऱ्याच्या हातानं करावं लागेल, नको असेल तर आत्ता वर नेतो, असं एकेक सांगून त्यांनी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा अण्णा सौम्यपणे म्हणाले, "राहू दे. तुम्हाला योग्य वाटेल ते."

"मंगळवारी तुम्ही नको म्हणाला होता, अण्णा. आठवतंय?"

"आठवतंय की."

"मग आता?"

अण्णांनी ताईंकडं बघितलं. "घरात सगळ्यांना बरं पडतंय."

सरांनी संमतिपत्र पुढं सरकवलं. अण्णांनी पेन घेतलं. पहिल्या खेपेला कागदावर वेडीवाकडी रेघ ओढली गेली, दुसऱ्या खेपेला पेन टेबलाखाली गेलं. तिसऱ्यांदा सरांनीच ते त्यांच्या बोटांतून काढून घेतलं. मी काउंटरवरून शाईची गादी आणली. बत्तीस वर्षं लोकांच्या तिकिटांवर शिक्के मारलेल्या माणसाचा अंगठा धरून मी तो गादीवर दाबला आणि कागदावर उठवला. साक्षीदार म्हणून खाली माझं नाव. सरांनी लिहिलं: रुग्ण शांत. समजून-उमजून संमती. या वेळी निळ्या शाईनं.

जागेवरून उठताना अण्णांनी माझे आभार मानले. अंगठा पुसायला मी कापूस दिला होता, त्याबद्दल.

सोमवारी ताई पेढे घेऊन आल्या. रविवारी अण्णा पांढरा सदरा घालून दोन तास बैठकीत बसले, सगळ्याला छान छान म्हणाले. चौगुल्यांनी पहिल्या लग्नाचं विचारलं तेव्हा ताईंनी सांगितलं, पटलं नाही, आणि अण्णांनी मान डोलावली. ऋचाचं नाव यादीत वरून चौथं लागलं. पुढं दर तीन महिन्यांनी सर अण्णांना रीतसर विचारत, करंट वाढवायचा का? अण्णा दर वेळी म्हणत, आहे ते बरं आहे. सर तसं नोंदवत. विचारणारा बदलत नव्हता आणि आकडाही बदलत नव्हता, मग उत्तर कुठून बदलणार.

दोन वर्षांनी सन्मती मगदूम हे नाव माझ्या यादीत आलं. मेंदूचा आलेख काढायचा होता. अधूनमधून भान जायचं, मिनिटभर शून्यात बघत राहायची. चिठ्ठीवर कारण होतं, बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या. बरोबर विमलताई, आणि अण्णाही. त्यांना घरी एकटं ठेवता येत नव्हतं, आणि नेलं तिथं ते गुपचूप बसत. ताई बाहेर कोणाशी तरी शाळेचं बोलत होत्या. अण्णा आत खुर्चीवर, हात मांडीवर.

आलेख काढायचा तर डोक्यावर एकवीस ठिकाणी केसांत भांग पाडून कातडी मोकळी करावी लागते आणि तिथं तारा चिकटवाव्या लागतात. डाव्या कानाच्या वर माझं बोट अडलं. मी केस बाजूला केले. घसरून पडलेली बाई कशावर तरी आपटते. ही टाके घातलेली जखम लांब होती, वरून खाली आलेली, आणि तिच्याच वर एक जुनी, वेगळ्या महिन्यातली.

माझं बोट थांबलेलं तिला कळलं. मी काही विचारीन म्हणून ती थांबली असावी. मी विचारलं नाही. मग ती आपणहूनच बोलली, पण भलतंच.

"माझ्या बाबांना हे स्थळ फारसं पसंत नव्हतं. दुसरेपणाचं म्हणून. पण त्या रविवारी येऊन या मामंजींना बघून गेले आणि मला म्हणाले, ज्या घरातला बाप इतका शांत आहे, त्या घरात आवाज चढत नसणार. तू डोळे मिटून हो म्हण."

खुर्चीवरून अण्णा म्हणाले, "छान माणूस, चौगुले." आणि पुन्हा समोरच्या भिंतीकडं बघायला लागले.

मी तारा चिकटवल्या. आजाराचा इतिहास लिहायच्या रकान्यात ताईंनी सांगितला तसा मजकूर लिहिला, घसरून पडल्याने इजा, आणि खाली सही केली. त्या दिवशी मी पूर्ण शांत होतो.

ताईंना सून मिळाली. अभिनंदनला बायको. सरांच्या फाइलीत एक निर्दोष कागद, माझ्या पोरीला शाळा. देण्याच्या बाजूला कोणाच्याच नावावर काही निघालं नाही, अण्णांचा एक हात सोडला तर. बाकीचं सगळं एका पोरीच्या नावावर गेलं, जिला त्या शुक्रवारी कोणी काही विचारलं नव्हतं. टाके मी मोजले. जुने पाच, नवे नऊ.